नागासाकीच्या टेकडीवरील बंगला

नागासाकीचे नाव निघाले की १९४५ सालच्या ९ ऑगस्टचीच आठवण प्रथम होते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु त्याच शहरात, बंदराकडे तोंड करून असलेल्या मिनामियामाते टेकडीवर, त्या अग्निप्रलयातून बचावलेला एक बंगला आहे. १८६३ साली बांधलेले हे घर म्हणजे जपानात आज उभ्या असलेल्या पाश्चात्त्य धर्तीच्या लाकडी वास्तूंपैकी सर्वांत जुनी वास्तू होय.

घराचा धनी थॉमस ग्लोव्हर हा स्कॉटिश व्यापारी. १८५९ मध्ये तो येथे उतरला तेव्हा अवघा एकवीस वर्षांचा होता. घर त्याचे खरे, पण ते उभारले कोयामा हिदेनोशिन या जपानी कारागिराने. बागेकडे उघडणारा प्रशस्त व्हरांडा पाहून आपल्याकडील छावणीतल्या साहेबी बंगल्याची आठवण व्हावी. डोक्यावर मात्र जपानी कौले आणि भिंती मातीच्या!

चहाच्या व्यापारावरून ग्लोव्हर जहाजे व बंदुका यांच्याकडे वळला. शोगुनाच्या सत्तेला आव्हान देणाऱ्या सात्सुमा व चोशू या संस्थानांची त्याच्याकडे ये-जा असे. १८६५ साली सात्सुमाच्या तरुणांना त्याने गुपचूप इंग्लंडला धाडले. परवानगीवाचून देश सोडणे हा तेव्हा देहदंडाचा अपराध होता. १८६८ मध्ये शोगुनशाही कोसळली आणि शस्त्रांचा बाजारही बसला. ज्यांचा पक्ष जिंकला त्यांच्याच व्यापाऱ्याचे दोन वर्षांत दिवाळे निघाले! पुढे मित्सुबिशी कंपनीचा सल्लागार म्हणून तो सावरला आणि १९११ साली टोकियोत वारला.

खरी शोककथा आहे ती त्याच्या मुलाची. जपानी मातेच्या पोटी जन्मलेला कुराबा तोमिसाबुरो हा मासेमारीच्या धंद्यातला जाणता गृहस्थ. युद्धाचे वारे वाहू लागताच त्याच्या अर्ध्या परक्या रक्ताचा पोलिसांना संशय येऊ लागला. बंगल्यातून समोरची मित्सुबिशीची गोदी स्पष्ट दिसे, आणि तेथे ‘मुसाशी’ ही प्रचंड युद्धनौका गुप्तपणे बांधली जात होती. १९३९ साली बंगला मित्सुबिशीच्या ताब्यात गेला. १९४३ मध्ये पत्नी निवर्तली. बाँब पडला, जपान शरण गेला, आणि २६ ऑगस्ट १९४५ रोजी या एकाकी वृद्धाने आपले जीवन संपविले.

१९५७ साली कंपनीने बंगला नगरपालिकेला दिला. तेथे येणारा प्रवासी ‘मादाम बटरफ्लाय’ची चौकशी करतो, वास्तविक त्या संगीतिकेचा या घराशी काही संबंध नाही. तोमिसाबुरोने स्थानिक चित्रकारांकडून वर्षानुवर्षे काढवून घेतलेली माशांची शेकडो रंगीत चित्रे मात्र नागासाकी विद्यापीठाच्या संग्रही आहेत.