चाल: जेनेसिस

परवा रविवारी ताईचा मुलगा आमच्याकडे मुलुंडला आला होता. त्याचा कॉलेजातल्या चौघांचा बँड आहे, हा कीबोर्ड वाजवतो. गेले सहा महिने भेटला की "आमचं चौदा मिनिटांचं गाणं" हा एकच विषय. या वेळी मात्र गप्प. शेवटी जेवताना म्हणाला, "मामा, ते गाणं आम्ही सोडून दिलं." का, तर कोणीतरी ऐकून म्हणालं की ही सरळसरळ जेनेसिसची कॉपी आहे. आणि ते त्यालाही पटलं होतं.

मला जरा अपराधी वाटलं, कारण त्याला जेनेसिस पहिल्यांदा ऐकवलं ते मीच :-)

नातेवाईक मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. 1970च्या आसपास इंग्लंडमध्ये येस, जेनेसिस, किंग क्रिमझन वगैरे बँडनी तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडली आणि सिम्फनीसारख्या लांबलचक रचना रॉकमध्ये आणल्या. जेनेसिसचं 'सपर्स रेडी' (1972) सुमारे 23 मिनिटांचं आहे. याला सिम्फॉनिक प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात.

गंमत अशी की या संगीताचा सगळ्यात ओळखीचा आवाज मेलोट्रॉनचा, आणि तो मुळात नकलेचा! या वाद्यात प्रत्येक पट्टीला एक टेप असते. तिच्यावर खऱ्या व्हायोलिनचा किंवा बासरीचा सूर आधीच रेकॉर्ड केलेला असतो. पट्टी दाबली की तो वाजतो, जेमतेम आठ सेकंद. ऑर्केस्ट्राला स्वस्त पर्याय म्हणून हे ठीक, पण ते हुबेहूब व्हायोलिनसारखं काही वाजेना. धुकट, थरथरता असा तिसराच आवाज निघाला आणि लोक त्याच्याच प्रेमात पडले.

उसनवारीही भरपूर. इमर्सन, लेक अँड पामरच्या 1970च्या पहिल्या अल्बममधलं 'द बार्बेरियन' म्हणजे बार्टोकचं 'अलेग्रो बार्बारो', आणि 'नाइफ-एज'चा पाया यानाचेकची 'सिन्फोनिएटा'. सुरुवातीच्या प्रतींवर त्या दोघांचं नाव नव्हतं. पुढच्याच वर्षी याच मंडळींनी मुसोर्गस्कीची 'पिक्चर्स अ‍ॅट अ‍ॅन एक्झिबिशन' उघडपणे त्याच नावाने वाजवली, तेव्हा कोणाला खटकलं नाही.

नंतरच्या पिढीची पंचाईत वेगळी. मॅरिलियनचं 'ग्रेंडेल' (1982) आलं आणि 'सपर्स रेडी'ची नक्कल म्हणून त्याच्यावर टीका झाली. स्वीडनच्या एंगलागोर्डने 1992 साली 'हिब्रिस' काढला तो पुन्हा मेलोट्रॉन घेऊन. नाव 'प्रोग्रेसिव्ह' आणि तोंड वीस वर्षं मागे! फ्लॉवर किंग्जच्या रोइने स्टोल्टला काय म्हणणार? तो सत्तरच्या दशकात कायपा या बँडमध्ये हेच संगीत वाजवत होता. स्वतःच्याच तरुणपणाची नक्कल, म्हणायचं का?

हे सगळं भाच्याला सांगत होतो तेवढ्यात बाबांचं कपाट आठवलं. बाबा नाट्यसंगीतवेडे. कालिदासला संगीत नाटक लागलं की हातातलं काम टाकून जायचे. त्यांच्याकडची जुनी नाटकांची पुस्तकं काढली आणि 'मानापमान' त्याच्यापुढे ठेवलं. पदाच्या वर कंसात राग, ताल आणि पुढे 'चाल' लिहिलेली. म्हणजे हे पद कोणत्या आधीच्या चिजेवर बेतलं आहे, ते छापूनच टाकलेलं!

'मानापमान' 12 मार्च 1911 रोजी रंगमंचावर आलं. गोविंदराव टेंब्यांनी त्यात पूरब ढंगाच्या ठुमरी-दादऱ्यांच्या चाली आणल्या. ('अलेग्रो बार्बारो'ही 1911चंच, हा निव्वळ योगायोग.) 1916च्या 'स्वयंवर'मध्ये भास्करबुवा बखल्यांनी बंदिशींवरून चाली बांधल्या. त्याआधी किर्लोस्करांनी कीर्तनातल्या साक्या-दिंड्यांपासून कर्नाटकी चालींपर्यंत मिळेल तिथून घेतलं होतं. आपण ज्याला अस्सल मराठी म्हणतो ते नाट्यसंगीत असं उभं राहिलं. पण बालगंधर्वांनी पद गायलं की मूळ चीज कोणाला आठवायची? ते पद त्यांचंच व्हायचं.

अर्थात चाल छापली म्हणून सगळं माफ होत नाही. त्या काळात चालीत नुसते शब्द कोंबलेली पदंही ढिगाने झाली. ती आज कोणी गात नाही. उगम सांगणं हा प्रामाणिकपणा झाला, कला त्याच्यापुढे सुरू होते. मॅरिलियनचंच बघा. 1988 साली जुना गायक फिश गेला, स्टीव्ह होगार्थ आला आणि 1994च्या 'ब्रेव्ह'पर्यंत त्यांचा स्वतःचा आवाज सापडलेला होता. मधली बारा वर्षं ते वाजवत राहिले म्हणून तो सापडला. 'ग्रेंडेल'वरची टीका ऐकून घरी बसले असते तर?

भाचा बराच वेळ पुस्तक चाळत होता. मग म्हणाला, "मामा, पण आमच्यात मधला सात मात्रांचा भाग आहे ना, तो कोणाचाच नाही. तो मला रूपक वाजवताना सुचला होता." तबल्याच्या क्लासला त्याला लहानपणी आजीने जबरदस्तीने पाठवलं होतं, तेव्हा किती रडायचा!

काल रात्री त्याने गाणं पाठवलं. चौदाची अकरा मिनिटं झाली आहेत. सुरुवात अजून जेनेसिसचीच वाटते, ते मी त्याला सांगितलं. सात मात्रांचा भाग मात्र दोनदा ऐकला.

फाइलच्या नावात गाण्यापुढे कंसात त्याने लिहिलं होतं, 'चाल: जेनेसिस'.