पेडणे–डिचोली सीमाभाग

गोवा राज्याच्या उत्तर गोवा जिल्ह्यातील, महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याला लागून असलेला दोन तालुक्यांचा प्रदेश. पेडणे, डिचोली व साखळी ही येथील नगरपालिका असलेली छोटी शहरे असून सीमेपलीकडील बांदा व दोडामार्ग या बाजारपेठांशी त्यांचा नित्याचा व्यवहार आहे. पेडण्याच्या दक्षिणेस शापोरा आणि उत्तरेस तेरेखोल नदी वाहते. समुद्राकडील भागात तेरेखोल हीच राज्याची सीमा मानली जात असली, तरी मुखाजवळचा तेरेखोल किल्ला उत्तर तीरावर, रेडीच्या बाजूला असूनही गोव्यात मोडतो आणि केरीहून फेरीबोटीने तेथे जाता येते. सावंतवाडीकर भोसल्यांनी सतराव्या शतकात बांधलेला हा किल्ला पोर्तुगिजांनी १७४६ मध्ये जिंकला.

तिसवाडी, बार्देश व साष्टी या सोळाव्या शतकात घेतलेल्या ‘जुन्या काबिजादी’. त्यांच्या तुलनेत डिचोली १७८१–८२ च्या सुमारास व पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीज सत्तेखाली आले, म्हणून त्यांची गणना ‘नव्या काबिजादी’ अशी होते. तोपर्यंत सक्तीच्या धर्मांतराचा जोर ओसरला असल्याने येथील देवस्थाने टिकली, इतकेच नव्हे तर जुन्या काबिजादींतून हलविलेल्या दैवतांनाही या भागात आश्रय मिळाला. दिवाडी बेटावरील मंदिर पाडले गेल्यानंतर कदंब राजांचे दैवत सप्तकोटेश्वर नार्वे येथे आले आणि त्याच्या मंदिराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करविला. शिरगावच्या लईराई देवीच्या वैशाखातील जत्रेत ‘धोंड’ म्हणजे व्रतस्थ भक्त निखाऱ्यांवरून चालतात. पेडण्याच्या भगवती मंदिरासमोर दोन भव्य पाषाणी हत्ती असून कोजागरीच्या सुमारास भरणारी ‘पेडण्याची पुनव’ प्रसिद्ध आहे. साखळीजवळ हरवळे येथे कोरीव लेणी, धबधबा व रुद्रेश्वराचे मंदिर एकाच परिसरात पाहता येते, तर मये येथील तलाव डोंगरांच्या कुशीत आहे.

बोलण्यात कोकणी आणि कीर्तन, भजन, शाळा व वृत्तपत्रांत मराठी अशी भाषिक विभागणी येथे दीर्घकाळ रुळलेली आहे. सिंधुदुर्गातील दशावतारी मंडळ्या, म्हणजे रात्रभर पौराणिक आख्याने रंगविणारे नाट्यसंच, पेडण्यातील जत्रांतही खेळ करतात. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवा मुक्तीसाठी सीमा ओलांडणाऱ्या सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी पत्रादेवी येथे गोळीबार केला; तेथे त्यांचे स्मारक आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रातील विलीनीकरणाला नव्या काबिजादींत मोठा पाठिंबा मिळाला, तथापि गोव्याचा एकूण कौल विरोधी ठरला.

डिचोलीचे अर्थकारण लोहखनिजावर उभे होते. खनिज ट्रकांनी नदीकाठच्या धक्क्यांवर आणि तेथून बार्जमधून मुरगाव बंदराकडे जाई. २०१२ ची खाणबंदी व २०१८ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या व्यवसायाला खीळ बसली. पेडण्यात मात्र हरमल, मांद्रे व मोरजी येथील किनारी पर्यटन वाढले. मोरजीच्या वाळूत समुद्री कासवे अंडी घालतात. जानेवारी २०२३ मध्ये मोपा येथील विमानतळावरून वाहतूक सुरू झाली. महाराष्ट्रातून येण्यास बांदा–पत्रादेवी महामार्ग व दोडामार्गाची वाट, तर बेळगावकडून चोर्ला घाटमार्गे साखळीचा रस्ता सोयीचा असून पेडणे हे कोकण रेल्वेवरील स्थानक आहे. नाक्यांवरील मद्यतपासणीत सीमा जाणवते. परंतु दोडामार्ग–सावंतवाडीचे तरुण नोकरीसाठी व रुग्ण बांबोळीच्या रुग्णालयासाठी रोज गोव्यात येत असल्याने दोन्ही बाजूंचे जीवन एकमेकांवर अवलंबून राहिले आहे.