भिंतीवरची माणसे आणि त्यांची नावे

मंडळी, आपल्या घरातल्या जुन्या तसबिरींकडे एकदा नीट पाहा. फेटा बांधून खुर्चीवर बसलेले आजोबा, शेजारी नऊवारी लुगड्यात उभी असलेली आजी, मागे फोटोवाल्याचा रंगवलेला पडदा. महाड-पोलादपूरकडची माणसे पोटासाठी मुंबईस गेली आणि तिथे काढलेले फोटो गावी आले. पण आता त्यांतली सगळी माणसे तुम्हांला नावानिशी सांगता येतील काय?

माझे आजोळ बिरवाडीचे. तिथे एका तसबिरीवरून मध्यंतरी वाद झाला. एक म्हणे हे पणजोबा; दुसरा म्हणे, छे, हे धाकटे चुलत आजोबा. तसबिरीमागे नाव लिहिलेले होते, पण ते दोघांचेही होते!

याचे मूळ आपल्या रीतीत आहे. गेलेल्या माणसाचे नाव घरात परत आणायचे. बिरवाडीहून रायगड काही लांब नाही, म्हणून तिथलेच उदाहरण घेऊ. शिवाजी महाराजांचे थोरले बंधू संभाजी कनकगिरीस मारले गेले. पुढे १६५७ साली महाराजांना मुलगा झाला, त्याचे नाव संभाजी. १६८० साली महाराज रायगडावर निवर्तले आणि १६८२ साली माणगावजवळ गांगवलीस त्यांचा नातू जन्मला, त्याचे नाव शिवाजी. हेच पुढचे शाहू महाराज. राजाराम-ताराबाईंचा मुलगाही शिवाजीच. पेशव्यांकडे पाहावे, तर बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव.

मग घरात हाक कशी मारायची? सुनेने सासऱ्याचे नाव घ्यायचे नाही आणि पोराला तर तेच नाव! म्हणून नाना, दादा, आबा, भाऊ अशी टोपणनावे सोयीची पडत. बाळाजी बाजीरावही आपल्या ओळखीचे आहेत ते नानासाहेब म्हणूनच.

नाव नेहमी हौसेनेच ठेवले जाई असेही नाही. जिथे मुले जगत नसत तिथे दगडू, धोंडू, केरू अशी नावे ठेवीत. दृष्ट लागू नये एवढाच हेतू. पण शूद्राचे नाव तुच्छतादर्शकच असावे, असे मनुस्मृतीने सांगून ठेवले होते. ती मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी आमच्या महाडातच जाळली गेली.

पुरुषांची नावे निदान फिरून येतात. बाईचे काय? लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले, की माहेरचे नाव संपले. १८८५ साली अमेरिकेत काढलेला एक फोटो तुम्ही पाहिला असेल. वैद्यकीय कॉलेजातल्या तीन विद्यार्थिनी त्यात आहेत : एक जपानची, एक सिरियाची आणि आपल्या आनंदीबाई जोशी. प्रत्येकीचे नाव, गाव, देश खाली लिहिला होता, म्हणून आज तिघीही ओळखू येतात. पण कल्याणच्या घरी जिला यमुना म्हणत, ती त्या ओळीत नाही. आनंदीबाईंची चरित्रे लिहिली गेली, म्हणून आपल्याला यमुना ठाऊक. आपल्या आजीचे चरित्र कोण लिहिणार?

जुलै २०२१ च्या पुराने महाड परिसरात घराघरांत पाणी शिरले. भांडीकुंडी पुन्हा घेता आली; चिखलात लगदा झालेले फोटो कुठून आणायचे? आजोळच्या तसबिरी माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. त्यानंतर मी तिथे गेलो आणि एकेक चौकट उघडली. गुरुजनांनाही हे मुलांकडून करवून घेता येईल. फोटोच्या मागे, कडेला, मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे. शाई कागदातून पुढे उमटते. नुसते नाव पुरत नाही. कोणाचा कोण, साल आणि गाव हवे. बाई असेल तर दोन्ही नावे.

नव्वदी गाठलेली एक मावशी तेवढी सांगणारी उरली होती. आजीच्या फोटोवर बोट ठेवून तिने माहेरचे नाव सांगितले. चाळीस वर्षांत ते मी त्या घरात कधीच ऐकले नव्हते. मी ते लिहून घेतले. मग आजीच्या खांद्यावर हात ठेवून उभी असलेली दुसरी बाई दाखवली. मावशीने तसबीर उजेडात नेली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, "हिला ओळखते रे मी. नाव तेवढं येत नाही."