नव्या घराची हमी

जुन्नरच्या सभोवारच्या डोंगरांत सुमारे दोन सहस्र वर्षांपूर्वी कोरलेली लेणी आजही उभी आहेत. त्यांतील शिलालेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या एका श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आढळते. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे धर्मकार्यासाठी ठेवी सोपविल्याचेही उल्लेख आहेत. ठेव एका माणसाकडे न देता श्रेणीकडे देण्यात मोठे व्यवहारज्ञान होते. माणूस जातो, श्रेणी मागे राहते. दिलेला शब्द टिकावयाचा, तर तो पाळणाराही टिकला पाहिजे. नव्या घराच्या हमीचे सारे तत्त्व एवढ्यातच साठविलेले आहे.

घर बांधणाऱ्यास जबाबदार धरण्याची कल्पना त्याहूनही पुरातन होय. बाबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या कायद्यात, कच्चे घर कोसळून मालक दगावला तर बांधणाऱ्यास देहदंड सांगितला आहे. नुसती भिंत कलली, तर ती त्याने स्वखर्चाने मजबूत करून द्यावी, असे फर्मान आहे. फ्रान्सच्या 1804 च्या दिवाणी संहितेने हीच जबाबदारी दहा वर्षांपर्यंत बांधून दिली.

आपल्याकडील खेड्यांत अशा लेखी कायद्याची उणीव फारशी भासत नसे. घराचे आढे चढविणारा सुतार बहुधा त्याच गावचा असे. त्याचे बलुते गावाशी जखडलेले, त्याची मुलेबाळे त्याच आळीत वाढलेली. वासा पहिल्याच पावसाळ्यात वाकला, तर तो तोंड कोठे लपविणार? लोकलाज हीच त्याची हमी होती.

शहरे वाढली आणि हे नाते तुटले. घर बांधणारा एक, विकणारा दुसरा व राहणारा तिसरा झाला. इमारत पुरी होताच विकणारा पुढच्या जागेकडे वळू लागला. महाराष्ट्राच्या 1963 च्या सदनिका मालकीविषयक कायद्याने बांधकामातील दोषांचे दायित्व विकणाऱ्यावर टाकले. पुढे 2016 च्या स्थावर संपदा कायद्याने ते अधिक स्पष्ट केले. त्याच्या चौदाव्या कलमानुसार, ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांच्या आत रचनेतील, कारागिरीतील वा साहित्याच्या प्रतीतील दोष निदर्शनास आणल्यास विकासकाने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा. न केल्यास ग्राहक भरपाईस पात्र ठरतो. हे कलम 1 मे 2017 पासून अमलात आले.

याच्या एक महिना आधी, 2 एप्रिल 2017 रोजी, आंबेगाव तालुक्यात एक नवे गाव वसले होते. डिंभे धरणाच्या वरच्या अंगास असलेल्या माळीण गावावर 30 जुलै 2014 च्या सकाळी डोंगर कोसळला आणि 151 माणसे मातीखाली गेली. वाचलेल्यांसाठी जवळच आमडे येथे पक्की घरे बांधण्यात आली. परंतु जूनमधील पहिल्याच मोठ्या पावसात तेथील भराव खचला आणि रस्त्यांना भेगा पडल्या. ज्यांनी डोंगर खाली येताना पाहिला होता, त्यांच्या मनाचा त्या भेगांनी किती थरकाप उडाला असेल!

उतारावर सपाट टप्पे करावयाचे म्हणजे एका बाजूची माती खोदून दुसऱ्या बाजूस भरावी लागते. भराव नीट दाबून बसला नाही, पाण्यास वाट मिळाली नाही, तर जमीन हलते. वरची भिंत कितीही भक्कम असो. माळीणच्या रहिवाशांनी ही घरे विकत घेतली नव्हती. त्यांच्या हाती विक्रीचा करारनामा नव्हता. त्यांची हमी म्हणजे त्यांना वसविणाऱ्या शासनाचे कर्तव्य.

या प्रसंगातून घर विकत घेणाऱ्यानेही पुष्कळ शिकण्यासारखे आहे. चकचकीत फरशी पाहण्याआधी पायाखालची जमीन मुळची की भरावाची, आणि पावसाचे पाणी कोठे जाते, हे विचारावे. ताब्याचा दिनांक लेखी घ्यावा, कारण मुदत तेथूनच मोजली जाते. दोष दिसताच लेखी कळवून पोच जपून ठेवावी. 500 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या बांधकामास त्या कायद्याखालील नोंदणीची सक्ती नाही. तालुक्याच्या गावांतील लहान इमारती पुष्कळदा याच वर्गात पडतात. तेथे दोषदुरुस्तीची अट करारनाम्यातच स्पष्ट शब्दांत घालून घेणे शहाणपणाचे.

नव्या घराचा पहिला परीक्षक पाऊस होय. तो परीक्षा घेईल तेव्हा उत्तर देण्यास कोण उभा राहणार, हा प्रश्न गृहप्रवेशाच्या आधीच विचारलेला बरा.