हवेचा पोशाख

पाण्याच्या आत माणसाला कोरडं ठेवायचं तर दोनच उपाय आहेत: भोवती भिंत उभारायची, नाहीतर भोवती हवा भरायची. पहिल्या उपायाचा उत्तम नमुना धाराशिव जिल्ह्यातच आहे. मुरुमहून सोलापूरच्या वाटेला लागलं की नळदुर्ग येतो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, सतराव्या शतकाच्या आरंभी, तिथे बोरी नदीवर धरण बांधलं गेलं आणि त्या धरणाच्याच पोटात पाणीमहाल काढला गेला. पावसाळ्यात नर आणि मादी हे दोन्ही सांडवे वाहू लागले की महालासमोर पाणी कोसळत राहतं, आत बसलेला मात्र कोरडाच. तिथे पाण्याचा सगळा भार दगड सोसतो. माणसाला काही करावं लागत नाही आणि काही शिकावंही लागत नाही. थंड पाण्यात बुडी मारणारे वापरतात तो ड्रायसूट वरवर पाहता याच जातीचा वाटतो. मानेला आणि मनगटांना घट्ट पट्ट्या, अंगभर पाणी न शिरणारं कापड, आत लोकरीचे कपडे. पण तो दुसऱ्या उपायाच्या कुळातला आहे. त्याला भिंत समजणं हीच त्यातली सगळ्यात घातक चूक, असं माझं म्हणणं आहे, आणि या पोशाखाची कुळकथाच त्याची साक्ष देते.

भिंत अंगावर घालून पाण्यात उतरण्याचा प्रयोगही होऊन गेला आहे. 1715 साली इंग्लंडच्या जॉन लेथब्रिजने स्वतःला एका लाकडी पिंपात बंद करून घेतलं. काम करता यावं म्हणून हात भोकांतून बाहेर काढले आणि दंडापाशी चामड्याने भोकं आवळली. पिंपातली हवा जमिनीवरच्याच दाबाची, बाहेरच्या हातांवर मात्र समुद्राचा दाब. दहा वाव, म्हणजे सुमारे 18 मीटरपर्यंत तो काम करी. त्याखाली जाणं फार जड जाई. भिंत मऊ करायची तर आतली हवाच बाहेरच्या पाण्याइतक्या दाबाची हवी, हे त्याच्या हातांनी दाखवून दिलं. पुढे 1823 साली चार्ल्स मॅकिंटॉशने दोन कापडांमध्ये रबर घालून पाणी न शिरणारं कापड केलं, आणि त्याच वर्षी चार्ल्स डीनने आग विझवणाऱ्यांसाठी धुरात घालायच्या शिरस्त्राणाचं पेटंट घेतलं. त्याने आणि त्याच्या भावाने काही वर्षांतच ते शिरस्त्राण पाण्यात नेलं. वरून पंपाने हवा यायची आणि शिरस्त्राणाखाली घातलेल्या अंगरख्याच्या उघड्या खालच्या कडेने निघून जायची. पाणबुड्या उभा असेतो सगळं ठीक. वाकला किंवा पडला की पाणी थेट तोंडापर्यंत. ऑगस्टस सीबेने 1837 च्या सुमारास अंगरखा पायांपर्यंत बंद करून शिरस्त्राणाला जोडला, तो या अडचणीवरचा इलाज होता. पोर्ट्समथजवळ बुडालेल्या रॉयल जॉर्ज जहाजाचे अवशेष 1839 ते 1843 दरम्यान काढले गेले, तेव्हा या बंद पोशाखाने आपली योग्यता सिद्ध केली.

बुडण्याचं भय गेलं आणि त्याच्या जागी दोन नवी भयं आली. हवेची नळी वरच्या बाजूला फुटली तर पोशाखातली हवा उलटी निघून जायची आणि पाण्याचा दाब माणसाचं अंग शिरस्त्राणात रेटायचा. म्हणून नळीच्या तोंडाशी एकाच दिशेने उघडणारी झडप आली. दुसरं भय नेमकं उलट. हवा जास्त झाली की पोशाख फुगतो, माणूस वर सुटतो, आणि वर जाताना दाब घटत असल्याने तीच हवा आणखी फुगते. हिशोब सोपा आहे. 10 मीटर खोलीवर पोशाखात 4 लिटर हवा असेल तर पृष्ठभागावर ती 8 लिटर होते, म्हणजे माणसाला वर ओढणारं बळ सुमारे 4 किलोने वाढतं. 30 वरून 20 मीटरवर येताना हीच वाढ जेमतेम एक तृतीयांश असते. शेवटचे दहा मीटर सगळ्यात वाईट, ते याचमुळे. त्यातून हवा पायांत शिरली तर माणूस डोकं खाली, पाय वर असा टांगला जातो. मराठवाड्यात विहिरीवर पोहायला शिकवताना सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा पाठीला बांधतात, पायाला कोणी बांधत नाही. कारण तेच आहे. जुन्या पाणबुड्यांच्या बुटांना शिशाचे तळवे असत, काही पोशाखांच्या पोटऱ्या तर दोरीने आवळून टाकलेल्या असत. या कुळातल्या जवळजवळ प्रत्येक सुधारणेने पाणी अडवण्याऐवजी हवेला वळण लावलं.

आजचा ड्रायसूट जन्माला आला तो शिरस्त्राण सुटून पाठीवर सिलिंडर आल्यावर. 1960-70 च्या काळात स्वीडनच्या पोसायडन कंपनीच्या युनिसूटमध्ये तीन गोष्टी एकत्र आल्या: अंतराळवीरांच्या पोशाखांसाठी घडवलेली हवाबंद चेन, छातीवर सिलिंडरमधून हवा घ्यायची झडप आणि ती सोडायची वेगळी झडप. पूर्वी हवेचा पुरवठा वरचे लोक सांभाळत. आता येणारी आणि जाणारी दोन्ही हवा ज्याच्या अंगात पोशाख आहे त्याच्याच हाती आली. म्हणून प्रशिक्षणाचा पहिला धडा उबेचा नसतो. डाव्या दंडावरची झडप सैल करून कोपर वर उचलायचं, म्हणजे ती अंगातली सगळ्यात उंच जागा होते आणि बुडबुडे बाहेर पडतात, हे हातवळणी पडेपर्यंत तलावात करून घेतात. मग शिकवणारा शिष्याला मुद्दाम उलटा करतो. गुडघे छातीशी घ्यायचे, अंग गोळा करून कोलांटी मारायची, सरळ होताक्षणी हवा सोडायची. छातीवरची झडप अडकून हवा येतच राहिली तर नळी उपटायची, तीही जाड हातमोजे घातलेल्या बोटांनी. मानेची पट्टी फार घट्ट असली तर मानेतल्या धमनीवर दाब येऊन नाडी मंदावते आणि घेरी येते, म्हणून ती कापून बेताची करावी लागते. (घट्ट तितकी सुरक्षित हा समज इथेही भिंतीच्याच ओढीतून येतो.)

यावर कोणी म्हणेल, हल्लीच्या झडपा आपोआप हवा सोडतात, मग एवढी कसरत कशाला? झडप आपोआप चालते, पण हवा तिच्यापर्यंत पोहोचली तरच. पाय वर असलेल्याच्या दंडापाशी हवा येतच नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तरंगण्यासाठी वेगळं जाकीट असताना पोशाखात हवा घालायचीच कशाला? पाण्याच्या दाबाने पोशाख अंगाला आवळू नये एवढीच घालावी आणि बाकीचं जाकिटावर सोडावं, असं एक मत. दोन ठिकाणची हवा सांभाळण्यापेक्षा पाण्यात सगळी पोशाखातच ठेवावी, असं दुसरं. मला पहिलं पटतं, कारण जाकिटातली हवा पायांत उतरत नाही. पण दोन्ही मतांना हवेचा हिशोब मान्य आहे, वाद तो कुठे मांडायचा एवढाच. तिसरा आक्षेप आपल्याकडचा: तारकर्लीच्या कोमट पाण्यात याचं काय काम? तिथे हौशी माणसाला खरोखरच काही काम नाही, पाणी आत शिरू देणारा साधा वेटसूट पुरतो. मात्र दूषित पाण्यात उतरायचं असेल तर पाणी कोमट असूनही कातडीला त्याचा स्पर्श होऊ नये म्हणून हाच पोशाख लागतो. आणि नॉर्वे-स्कॉटलंडात स्थायिक झालेल्या मराठी तरुणाला बुडी मारायची तर दुसरा पर्याय जवळपास नाहीच. त्याने भाड्याने पोशाख घेताना जाडी नि उबेआधी दंडावरची झडप कोपर उचलून दोनदा फिरवून पाहावी, आणि छातीवरची नळी हातमोजे घालून एकदा काढून परत बसवावी.