गाभाऱ्यात डोकावताना

गाभा, गाभारा, गाभण, गर्भितार्थ: हा सारा शब्दपरिवार ‘गर्भ’ या एका शब्दाचा, आणि प्रत्येकात झाकलेपणाची सूचना आहे. हे झाकलेपण वैद्यकाने कसे उलगडले, याचा माग घेताना आम्हांला पुनःपुन्हा स्कॉटलंडकडे वळावे लागले.

ग्लासगोजवळ जन्मलेल्या विल्यम हंटरने १७७४ साली गर्भाशयाच्या शरीररचनेचा भव्य चित्रग्रंथ प्रसिद्ध केला. यान व्हान रिम्सडाइकची त्यातील चित्रे विलक्षण सुंदर आहेत, आणि ती गरोदरपणी मरण पावलेल्या स्त्रियांच्या विच्छेदनावरून काढलेली आहेत. सर्वांत गाजलेल्या चित्रात मूल पूर्ण आहे. आई मात्र मांड्यांपाशी तोडलेली. त्या चित्रावरून नजर पुढे सरकवणे आम्हांला जड गेले.

जिवंत आईच्या पोटात पाहायचे तर क्ष-किरणांनी फार तर हाडे दिसत. शिवाय १९५६मध्ये अ‍ॅलिस स्टुअर्ट यांनी त्या किरणांचा संबंध बालपणीच्या कर्करोगाशी जोडला. १९५८मध्ये ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी ध्वनिलहरींची वाट खुली केली. धातूतील भेगा शोधणाऱ्या कारखानी यंत्रावर त्यांचे पहिले प्रयोग झाले होते. आपल्या ओळखीची सोनोग्राफी ती हीच.

गर्भाच्या एमआरआयची पहिली नोंद १९८३ची, तीही स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीनची. पण चित्र उमटायला काही मिनिटे लागत आणि गर्भ काही स्थिर राहत नसे. सारे धूसर होई. १९९०च्या दशकात एकेक छेद सेकंदाच्या आत टिपणारी तंत्रे आली, तेव्हा कुठे हे साधन उपयोगाचे झाले. सोनोग्राफीत मेंदूविषयी शंका आलेल्या गर्भांचा ब्रिटनमधील मोठा अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला: सोनोग्राफीचे निदान ६८ टक्के वेळा अचूक, एमआरआयचे ९३ टक्के. गर्भ ठेवावा की नाही, हे ठरवू पाहणाऱ्या दांपत्यासाठी या दोन आकड्यांमधले अंतर केवढे!

एमआरआयच्या चित्रात आईही दिसते: तिचा कणा, मूत्राशय, वार. हंटरने तोडलेली ती बाई येथे अखंड, आणि जिवंत आहे.

मात्र पाहण्याची ही विद्या आपल्याकडे कशासाठी वापरली गेली, हेही विसरता येत नाही. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदा १९८८मध्ये महाराष्ट्राने केला, केंद्राचा १९९४चा. आज प्रत्येक सोनोग्राफी केंद्राच्या भिंतीवर, येथे काय सांगितले जाणार नाही, हे आधी लिहिलेले असते.