'मिस्टर स्मिथ' आणि १९२० ची एमआयटी

कारखानदारांनी उच्च तंत्रशिक्षणाला पैसा पुरवावा, हा आग्रह आता आपल्या परिचयाचा आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या वाटेने १९२० सालीच गेली होती.

तेथील रसायनशास्त्रात तेव्हा दोन पंथ होते. आर्थर नॉइस यांची भौतिक रसायनशास्त्राची प्रयोगशाळा १९०३ पासूनची, विल्यम वॉकर यांची उपयोजित रसायनशास्त्राची १९०८ ची. नॉइस म्हणत, विद्यार्थ्याची मूलतत्त्वे पक्की करा. कारखाना तो पुढे शिकेल. वॉकर यांच्या मते कारखान्यातील खरा प्रश्न हाच उत्तम शिक्षक. (हा वाद आपल्या शिक्षक-खोलीतही ऐकू येतो!) पारडे वॉकर यांच्याकडे झुकले. १९१९ मध्ये नॉइस संस्था सोडून कॅलिफोर्नियात पॅसाडीनाला गेले.

त्यातच पैशाची निकड होती. कोडॅकचे जॉर्ज ईस्टमन 'मिस्टर स्मिथ' या नावाने देणग्या देत. या खेपेस अट होती : संस्थेनेही तोलामोलाची रक्कम उभारावी. म्हणून 'टेक्नॉलॉजी प्लॅन' निघाला. कंपन्यांनी वार्षिक शुल्क भरायचे; बदल्यात त्यांना ग्रंथालय, प्राध्यापकांचा सल्ला व माजी विद्यार्थ्यांची माहिती मिळायची. जानेवारी १९२० मध्ये स्मिथ कोण ते उघड झाले आणि त्याच महिन्यात संस्थेचे अध्यक्ष मॅक्लॉरिन वारले.

रक्कम जमली. पण बऱ्याच कंपन्यांनी पुढे करार वाढवले नाहीत, आणि प्राध्यापकाचा वेळ नेमका कोणाचा, हा प्रश्न तसाच राहिला. १९३० मध्ये भौतिकीतज्ज्ञ कार्ल कॉम्प्टन अध्यक्ष झाले, तेव्हा संस्था पुन्हा मूलभूत विज्ञानाकडे वळली. पॅसाडीनाची संस्था तोवर कॅलटेक म्हणून नावारूपाला आली होती. नॉइस तेथेच शिकवत होते.